प्रस्थान

शिरगावच्या एका तरुण वाचकाने आमच्याकडे एक प्रश्न पाठवला आहे. येत्या कार्तिकीला शिरगावहून पंढरपूरपर्यंत पायी जावे, आणि तेही दिंडीबरोबर नव्हे तर एकट्याने, असे त्याने मनाशी धरले आहे. घरातून विरोध आहे. आई म्हणते, जायचेच असेल तर चार माणसांच्या सोबतीने जा. वडील काहीच बोलत नाहीत, आणि ते न बोलणेच त्याला अधिक जड जात आहे. शेजारीपाजारी विचारतात, नवस आहे का? नवस नाही. कसली पैज आहे का? तीही नाही. मग कशासाठी, या प्रश्नाला त्याच्यापाशी उत्तर नाही. "हे वेड आहे की नाही, एवढेच सांगा," असे तो लिहितो.

अग्रलेखाच्या जागी एरवी विधानसभेतील वादंगाचा आणि पंचायतींच्या कारभाराचा परामर्श घेतला जातो. आज या तरुणाच्या प्रश्नाला ही जागा द्यावी असे आम्हाला वाटले. कारण वरवर खाजगी दिसणाऱ्या या प्रश्नात आपल्या समाजाच्या एका विसरलेल्या व्यवस्थेचा प्रश्न दडलेला आहे.

प्रथम वेडाविषयी. एकट्याने दूरवर पायी निघणे हे जर वेड असेल, तर मराठी भाषेचा आरंभच त्या वेडापासून झाला आहे असे म्हणावे लागेल. आपल्या आद्य गद्यग्रंथाच्या, लीळाचरित्राच्या, पहिल्या भागाला 'एकांक' असे नाव आहे. श्रीचक्रधरांच्या एकाकी भ्रमणाचा तो काळ आहे, आणि पुढे आपल्या शिष्यांनाही त्यांनी अटनाचाच धर्म सांगितला. समर्थ रामदासांनी टाकळीची तपश्चर्या संपवल्यावर बारा वर्षे तीर्थाटन केले, असे परंपरा सांगते. नर्मदेची परिक्रमा करणारे परिक्रमावासी आजही नदीला उजव्या हाताशी ठेवून, तिचे पात्र कोठेही न ओलांडता, महिनोन्महिने चालत असतात. गो. नी. दांडेकरांनी या परिक्रमेतून 'कुणा एकाची भ्रमणगाथा' मराठीला दिली. त्या शीर्षकातला 'कुणा एकाची' हा शब्दप्रयोग किती नेमका आहे, हे चालणाऱ्यालाच कळावे.

पण दूर कशाला जायचे? शिरगावच्या माणसाला तर हे उदाहरण त्याच्या ग्रामदेवतेच्या कथेतच मिळते. सात बहिणी आणि त्यांचा भाऊ खेतोबा या मुलुखात आले आणि इथून एकेक बहीण आपापल्या गावी वेगळी झाली, असे लोककथा सांगते. लईराई शिरगावात राहिली, केळबाई मुळगावात, महामाया मयेत. मोरजाई पेडण्याच्या किनाऱ्यावर मोरजीला गेली. मिराबाई म्हापशाला गेली आणि आज ती मिलाग्रीस सायबीण म्हणून ओळखली जाते. धर्म पालटला तरी बहिणीबहिणींचे नाते तुटले नाही, असे दोन्हीकडचे भाविक मानतात. देवीदेखील कधी ना कधी एकटी वाटेला लागली होती, ही या कथेतील गोष्ट आम्हाला नेहमी विचारात पाडते. दामोदर धर्मानंद कोसंबींनी पुण्याभोवतीची माळराने पायी तुडवली आणि आदिमातांची पुष्कळशी ठाणी जुन्या वाटांच्या तिठ्यांवर, मेंढपाळांच्या आणि व्यापाऱ्यांच्या मार्गांवर असल्याचे दाखवून दिले. तो निष्कर्ष त्यांनी आपल्या परिसरापुरता काढला होता. तो जसाच्या तसा डिचोलीला लावण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु शिरगाव, मुळगाव, मये ही देवस्थाने एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, एवढे तर कोणीही पाहून घ्यावे.

कोसंबींचे नाव आलेच आहे, तर गोव्यातून एकट्याने बाहेर पडलेल्या त्या थोर पांथस्थाकडे, म्हणजे दामोदरांच्या पित्याकडे, जरा थांबून पाहिले पाहिजे. धर्मानंद कोसंबी हे साष्टीजवळच्या सांखवाळचे. जन्म १८७६ चा. शालेय शिक्षण बेताचे, घरी नारळीची बागाईत. 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात बुद्धाचे चरित्र त्यांच्या वाचनात आले, आणि बुद्धाचा धर्म मुळापासून जाणून घ्यावा या एका ध्यासाने १८९९ साली त्यांनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी असा प्रवास करीत ते पुढे सरकत राहिले. काशीत अन्नछत्रात जेवून ते संस्कृत शिकले. तेथून नेपाळ गाठले, आणि तेथे बौद्ध धर्माची जी अवस्था पाहिली तिने निराश होऊन सिंहलद्वीपाची वाट धरली. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात ते पाली शिकले, पुढे ब्रह्मदेशात राहिले, आणि परत येऊन बुद्धाच्या पावलांनी पावन झालेल्या स्थळांची यात्रा बरीचशी पायीच केली. आगगाडी, आगबोट मिळेल तेथे त्यांनी वर्ज्य मानली नाही, पण पैसा संपला म्हणून प्रवास थांबला असे त्यांच्या बाबतीत झाले नाही, कारण पाय शिल्लक होते. १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या 'निवेदन' या आत्मचरित्रात हे सारे त्यांनी कमालीच्या साधेपणाने सांगितले आहे. पुढे हार्वर्डच्या विद्यापीठाने ज्यांना पाली ग्रंथांच्या संशोधनासाठी पाचारण केले, ते हेच सांखवाळचे धर्मानंद.

आमच्या तरुण वाचकाने हे पुस्तक निघण्यापूर्वी वाचावे. केवळ स्फूर्तीसाठी नव्हे. स्फूर्ती त्याला पुरेशी आहे असे त्याच्या पत्रावरून दिसते. त्याने ते दोन गोष्टींसाठी वाचावे. एक म्हणजे, १८९९ पूर्वीही विद्येच्या ओढीने धर्मानंद घराबाहेर पडले होते आणि परतले होते. घरची आठवण, हाती पैसा नसणे, मनाचा धीर सुटणे, अशा सामान्य माणसाला परतवणाऱ्या कारणांनी त्यांनाही परतवले. परत येण्याची लाज वाटून जर ते पुन्हा निघालेच नसते, तर मराठीत बौद्धविद्येचा पाया घालणारा पुरुष आपल्याला लाभला नसता. चोर्ल्याचा घाट चढल्यावर ज्याला वाटेल की आपल्याने हे होणार नाही, त्याने बेळगावहून निमूटपणे बसने घरी यावे. पुढल्या वर्षीही कार्तिकी येतेच.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. धर्मानंद निघाले तेव्हा घरी पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी होती. सुमारे सात वर्षांनी ते परत भेटले. त्या सात वर्षांत त्या माउलीने काय सोसले असेल, याचा हिशेब कोणत्याच गौरवग्रंथात पुरता मांडलेला आम्ही पाहिला नाही. धर्मानंदांविषयी आमच्या मनात नितांत आदर आहे. परंतु एकट्याने जाणारा खऱ्या अर्थाने कधीच एकटा जात नाही, तो मागे कोणाला तरी एकटे करून जातो, हे सत्य त्या आदरापायी झाकून ठेवावे असे आम्हाला वाटत नाही. आमच्या वाचकाची वाट वीस दिवसांची आहे, सात वर्षांची नव्हे. तरीही आईच्या नकारामागे हेच सत्य उभे आहे. तिला अंधश्रद्ध किंवा भित्री समजून तिची समजूत घालू पाहणे हा शहाणपणाचा अभाव ठरेल.

आपल्या पूर्वजांना ही अडचण ठाऊक होती. म्हणून तर 'पस्तान' ठेवण्याची रीत पडली. मुहूर्त साधायचा आहे, पण प्रत्यक्ष निघणे दोन दिवसांनी आहे, अशा वेळी प्रवासाच्या सामानातील एखादी वस्तू, कापडात बांधलेले तांदूळ, सुपारी, हळकुंड असे काही शेजारच्या घरी नेऊन ठेवीत आणि निघताना ते उचलून पुढे जात. पंचांगाच्या दृष्टीने तो मुहूर्ताचा उपचार असेल, पण व्यवहाराच्या दृष्टीने पाहा. अमुक माणूस अमुक दिवशी अमुक दिशेला निघाला आहे, हे घराबाहेरच्या किमान एका माणसाला त्यामुळे कळून राही. निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावे, हाही त्याच जातीचा उपचार. आजच्या एकट्या पांथस्थाला आम्ही हेच सुचवू. वाटेचा तपशील, रोजच्या मुक्कामाचे गाव आणि परतण्याची तारीख कागदावर लिहून एक प्रत घरी आणि एक शेजाऱ्याकडे ठेवावी. रोज रात्री ठरलेल्या वेळी घरी फोन करावा. ज्या दिवशी फोन येणार नाही त्या दिवशी किती वेळ वाट पाहायची आणि मग कोणाला विचारायचे, हेही आधीच ठरवावे. चोर्ल्याच्या वळणांवर रेंज जाते, याची कल्पना आईला अगोदर असली म्हणजे ती एक रात्र तिला कमी जाचक होईल.

आता वाटेविषयी. शिरगावहून डिचोली, साखळी, तेथून सत्तरीतील केरी, मग चोर्ला घाट आणि बेळगाव. पुढे मिरजेवरून पंढरपूर. सारी चाल तीनशे किलोमीटरांहून बरीच अधिक भरते. दिवसाला वीस किलोमीटर धरले, मध्ये दोन दिवस विसाव्याचे धरले, तरी अठरा ते वीस दिवस लागतात. कार्तिकीची निवड त्याने शहाणपणाने केली आहे. आषाढीला घाटात पाऊस झोडपत असतो आणि एकट्या माणसाचे ओले कपडे वाळवायलाही जागा नसते. कार्तिकात व्हाळांना पाणी असते, शेते पिकून कापणीला आलेली असतात, आणि देशावर उन्हाचा तडाखा उतरलेला असतो.

पहिल्या दिवशी साखळीपलीकडे जाण्याचा मोह धरू नये. तरुण माणूस पहिल्या दिवशी तीस किलोमीटर चालतो आणि तिसऱ्या दिवशी पायांच्या फोडांमुळे बसून राहतो. साखळीजवळ कारापूरला विठ्ठलाचे देवालय आहे. पंढरीला निघालेल्याने तेथे पहिले पेणे करावे, याहून योग्य ते काय? पाठीवरचे ओझे पाण्यासकट सात-आठ किलोंच्या वर जाऊ देऊ नये. नवी पादत्राणे घालून निघू नये, निदान महिनाभर ती पायांत रुळलेली असावीत. उन्हातून चालताना मीठ पोटात गेले पाहिजे, नुसत्या पाण्याने भागत नाही. आणि घाटात रात्री चालू नये, हे तर सांगायलाच नको. त्या बाजूला १९९९ पासून म्हादई अभयारण्य आहे. तेथे वाघाचा वावर आहे याची दुःखद साक्ष २०२० च्या जानेवारीत सत्तरीत मारल्या गेलेल्या वाघीण आणि बछड्यांनी दिली आहे. मोठा रस्ता सोडून रानवाटेला लागायचे असेल तर वनखात्याची परवानगी लागते.

हे झाले जाणाऱ्याचे कर्तव्य. परंतु आमच्या मते अधिक मोठा प्रश्न जाणाऱ्याचा नाही, वाटेचा आहे. धर्मानंदांना काशीत अन्नछत्र होते, वाटेत धर्मशाळा होत्या, दारात उभ्या राहिलेल्या अनोळखी माणसाला भाकरी देणारी घरे होती. परिक्रमावासीयाला आजही नर्मदाकाठी सदावर्त मिळते. एकट्याचे धैर्य हे फार वेळा दुसऱ्यांनी बांधून ठेवलेल्या सोयींवर उभे असते. मग आपल्या डिचोली तालुक्यातून निघालेल्या एकट्या माणसासाठी आज वाटेवर काय आहे?

पाण्यापासूनच आरंभ करू, कारण शिरगाव हे नाव घेतले की पाण्याचा प्रश्न टाळता येत नाही. लोहखनिजाच्या खाणी गावाच्या कुशीत भूजलाच्या पातळीखाली खोदल्या गेल्या, विहिरी आटल्या, आणि ज्या गावात धोंडांच्या तळीला एवढे माहात्म्य त्या गावाला पाण्यासाठी बाहेरच्या पुरवठ्यावर विसंबावे लागले. हे प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१२ मध्ये गोव्यातील खाणी थांबल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवले, आणि लिलावांनंतर २०२४ मध्ये डिचोलीत उत्खननाला पुन्हा प्रारंभ झाला. खाणींमुळे किती घरांच्या चुली पेटतात हे आम्ही जाणतो, आणि त्या वादाचा निवाडा या लेखात करण्याचा आमचा हेतू नाही. पण जुना वाटसरू विहिरी आणि झरी यांच्या आधाराने आपले टप्पे ठरवीत असे. विहीर आटली की घराचे पाणी जाते, आणि त्याबरोबर रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचेही पाणी जाते. घरासाठी नळ येतो, टँकर येतो. त्या अनोळखी माणसासाठी काहीच येत नाही. तो दुकानातली बाटली विकत घेतो, आणि गावाशी त्याचा संबंध तिथेच संपतो.

रस्त्याचेही तसेच. डिचोली-साखळीच्या पट्ट्यात पायी चालणाऱ्याला कडेला पाऊल ठेवायला जागा सापडणे कठीण. खनिजाचे टिप्पर धावू लागले की धुळीत समोरचे दिसत नाही. रस्ते रुंद झाले, पण जी रुंदी वाढली ती चाकांसाठी वाढली.

आणि मुक्कामाचे काय? आपल्या देवस्थानांना अग्रशाळा आहेत. कुळावी येतात, लग्ने होतात, मुंबईचे चाकरमानी उत्सवाला उतरतात. त्यात गैर काही नाही. पण संध्याकाळी पाच वाजता पाठीवर पिशवी घेतलेला एक अनोळखी माणूस दारात आला, तर त्याला चटई टाकायला ओसरी मिळेल काय? 'तुम्ही कोणाचे?' हा प्रश्न आधी विचारला जातो. पूर्वीही तो विचारला जात असे, परंतु पूर्वी उत्तर ऐकून दार उघडत असे. आता ओळखपत्र पाहावे, नोंदवहीत नाव लिहावे, पोलिसांना कळवायचे तर कळवावे, आमची त्याला हरकत नाही. पण नोंद झाल्यावर तरी दार उघडावे. दिंडीला आपण जेवण घालतो, सरबत देतो, पाय चेपून देतो, आणि ते करताना आपल्याला धन्यता वाटते. दिंडीतून वगळलेला तोच वारकरी एकटा आला म्हणजे त्याच्याकडे संशयाने पाहतो. उद्या एखादी तरुणी असाच प्रश्न आम्हाला पाठवील, तेव्हा तिला आम्ही काय उत्तर देणार? तिच्या धैर्याविषयी आम्हाला शंका नसेल. शंका असेल ती आमच्याच गावांच्या दारांविषयी.

गर्दीत माणूस सुरक्षित असतो, हा आईचा युक्तिवाद. शिरगावच्या माउलीने तो करावा यात एक कटू विसंगती आहे. वैशाख शुद्ध पंचमीच्या जत्रेत, २०२५ च्या ३ मेच्या पहाटे, याच गावात चेंगराचेंगरी होऊन किमान सहा भाविकांचा बळी गेला आणि कित्येक जखमी झाले. ती जखम अजून ओली आहे आणि युक्तिवादासाठी ती उघडावी असे आम्हाला वाटत नाही. एवढेच म्हणतो की धोका एकटेपणात असतो तसा गर्दीतही असतो, आणि दोन्ही ठिकाणी तो कमी होतो तो आधी केलेल्या तयारीने.

तयारी कशी असते हे शिरगावकरांना आम्ही शिकवायला नको. हातात बेत घेतलेला धोंड होमखणाच्या निखाऱ्यांवरून जातो ते क्षण आपण पाहतो. त्याआधीचे दिवस आपण पाहत नाही. सोवळ्याचे व्रत, वेगळा शिजवलेला साधा आहार, स्नाने, घरच्या सुखसोयींपासून अंतर. हजारो धोंड असतात, जयघोष सर्वांचा असतो, परंतु निखाऱ्यावर पाऊल ज्याचे त्यालाच टाकावे लागते. आणि ते टाकून झाल्यावर तो मोगरीच्या कळ्यांची माळ घेऊन घरीच परततो, आणखी कोठे नाही. आमच्या वाचकाच्या घरात धोंड असतील तर त्याने कोणा ग्रंथापेक्षा त्यांना विचारावे. वडील जे बोलत नाहीत, ते कदाचित या विषयावर बोलतील.

देवस्थान समित्यांना आमची विनंती आहे की प्रत्येक अग्रशाळेत एक खोली, निदान एक ओसरी, वाटसरूसाठी राखावी आणि तशी पाटी बाहेर लावावी. पंचायतींनी डिचोलीपासून केरीपर्यंत चार ठिकाणी पाण्याची सोय केली तर त्याला फार मोठा निधी लागणार नाही. सार्वजनिक बांधकाम खात्याने कडेची पायवाट हा रस्त्याचाच भाग समजावा. या मागण्या लहान आहेत, आणि लहान मागण्यांकडे दुर्लक्ष करणे शासनाला सोपे जाते, हा आमचा अनुभव आहे. तरीही त्या नोंदवून ठेवतो.

त्या तरुणाला आमचे उत्तर असे. वेड नाही. आईची संमती मिळेपर्यंत निघू नये. मिळाली की आदल्या दिवशी शेजारी पस्तान ठेवावे. पहाटे साडेपाचला निघावे, लईराईच्या पायऱ्यांवर क्षणभर टेकावे, आणि ऊन चढण्याआधी डिचोली मागे टाकावी. साखळीला पोहोचल्यावर घरी फोन करावा. जमल्यास, वाटेत कोणी पाणी दिले आणि कोणी नाही दिले, याची एक वही ठेवावी. ती परत आल्यावर आम्हाला वाचायला मिळाली तर आम्ही तिच्यासाठी याच पानावर जागा करू.